बस-रेल्वेने डोंगरवाटांकडे: आखणी परतीच्या गाडीपासून सुरू करा

स्वतःची मोटार नाही म्हणून डोंगरात जाता येत नाही, असं सांगणारे पुष्कळ जण भेटतात. चालायची त्यांची तयारी असते, बूट घेऊन झालेले असतात, नकाशाही फोनमध्ये असतो. अडतं ते पायथ्याशी पोहोचण्यावर. कुठली बस घ्यायची, कुठे उतरायचं, तिथून वाट कुठे सुटते आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी परत कसं यायचं, हे एकत्र कुणी सांगत नाही. वाटांची वर्णनं लिहिणारे बहुतेक जण मोटारीने गेलेले असतात, त्यामुळे त्यांचं वर्णन वाहनतळापासून सुरू होतं आणि वाहनतळावरच संपतं. मी डोंगरात जाते ती बसने आणि रेल्वेने. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने देते आहे. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

स्वतःची मोटार पायथ्याशी थांबून राहते, बस थांबत नाही. म्हणून सार्वजनिक वाहनाने जायचं तर आखणी उलट्या टोकाने करावी लागते. आधी परतीची गाडी, मग चालायला लागणारा वेळ, मग वाट आणि शिखर सगळ्यांत शेवटी. हा क्रम अंगवळणी पडला की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

## १. वाट शोधण्याआधी थांबे शोधा

नवखे लोक आधी एखादं नावाजलेलं शिखर ठरवतात आणि मग तिथे जाणारी बस शोधत बसतात. त्यात हमखास निराशा होते. त्याऐवजी डोंगराळ भागाचा नकाशा उघडा आणि रेल्वे स्थानकं, बस थांबे कुठे कुठे आहेत ते आधी पाहा. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर आधारलेल्या नकाशांमध्ये थांबे आणि पायवाटा एकाच पटावर दिसतात, त्यामुळे या कामाला ते फार उपयोगी पडतात. थांब्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत कुठली पायवाट सुटते, ती कुठे जाते आणि दुसऱ्या कुठल्या थांब्यापाशी उतरते, हे बोटाने गिरवत जा. अर्ध्या तासात तुमच्या हाती अशा वाटा लागतील ज्यांची नावं कुठल्याही यादीत नसतात आणि ज्या चालायला उत्तम असतात.

काही ठिकाणी तर रेल्वे डोंगरवाटेच्या अगदी तोंडाशी आणून सोडते. स्कॉटलंडमधलं कोरूर हे स्थानक ४०८ मीटर उंचीवर आहे आणि तिथवर सार्वजनिक मोटाररस्ताच नाही. उतरलात की सरळ माळावर पाऊल पडतं. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या हार्लेम रेल्वेमार्गावर ‘अपालाचियन ट्रेल’ नावाचंच स्थानक आहे, त्याच नावाच्या लांबलचक पायवाटेच्या कडेला. मात्र तिथे गाड्या फक्त शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना थांबतात.

काही ठिकाणी बसने जाणाऱ्यालाच दार उघडं असतं. जपानमधल्या कामिकोची खोऱ्यात खासगी मोटारींना बंदी आहे. सगळ्यांना खाली मोटार लावून बस किंवा टॅक्सीनेच वर जावं लागतं. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात २००० सालापासून बससेवा आहे आणि ती सुरू असते त्या हंगामात मुख्य दरीच्या रस्त्यावर खासगी मोटारी सोडत नाहीत. तेव्हा बसने जाणं म्हणजे दुय्यम सोय, ही समजूत आधी मनातून काढा.

या टप्प्यावर तीन गोष्टी नीट तपासा.

एक, गावाचं नाव. एकाच नावाची दोन-तीन गावं एकाच भागात असतात. खुर्द आणि बुद्रुक, वरचं आणि खालचं, नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं. नकाशावरचं गाव आणि बसच्या पाटीवरचं गाव एकच आहे ना, याची खात्री बस मार्गातल्या आधीच्या आणि नंतरच्या थांब्यांवरून करा.

दोन, डोंगराची बाजू. थांब्यापासून शिखर सरळ रेषेत चार किलोमीटरवर दिसतं, पण मध्ये दरी असेल तर ते चार किलोमीटर कधीच संपत नाहीत. नकाशावरच्या समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पाहिल्याशिवाय अंतरावर विश्वास ठेवू नका.

तीन, थांब्याची उंची. वाहनतळ पुष्कळदा घाटाच्या माथ्यावर असतो आणि बस खालच्या गावापर्यंतच जाते. वर्णनात ‘५०० मीटरची चढाई’ लिहिलेली असते ती वाहनतळापासूनची. थांब्यापासून तीच ८०० होऊ शकते.

## २. परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची गाडी

आता कागद घ्या. वाट ठरली की सर्वांत वर दोन वेळा लिहा: परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची. आखणी नेहमी शेवटच्या आधीच्या गाडीची करायची. शेवटची गाडी ही राखीव असते. कुणाचा पाय मुरगळला, पाऊस आला, वाट चुकली, तर त्यासाठी. शेवटच्या गाडीलाच धरून आखणी केली की दिवसभरात हातात एकही जास्तीचा तास उरत नाही. मग उताराच्या निसरड्या वाटेवर लोक धावायला लागतात आणि पडतात ते तिथेच.

चालायला किती वेळ लागेल, याचा जुना आणि अजूनही कामाचा ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. मेट्रिक मापात तो असा: दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. यात विश्रांती नाही, जेवण नाही, फोटो नाहीत, अवघड उतार नाही. सवय असलेल्या, अंगाने हलक्या चालणाऱ्याचा हा वेळ आहे. नवख्यांनी आलेल्या उत्तराची दीडपट करावी, म्हणजे विश्रांती धरून वेळ मिळतो.

एक उदाहरण पुरतं सोडवून दाखवते. वाट १२ किलोमीटर, चढाई ९०० मीटर. १२ किलोमीटरला साधारण २ तास २५ मिनिटं, ९०० मीटरला दीड तास. एकूण जवळपास ४ तास. दीडपट केली की ६. परतीच्या गाड्या सव्वाचार आणि पावणेसहाला आहेत. आपण सव्वाचारची धरू आणि थांब्यावर पावणेचारला पोहोचायचं ठरवू. म्हणजे सकाळी पावणेदहाला चालायला सुरुवात झाली पाहिजे. सकाळची पहिली बस तिथे ९ वाजून २० मिनिटांनी पोहोचत असेल तर जमलं. ती ११ वाजता पोहोचत असेल तर चालणं संपेपर्यंत ५ वाजतात, सव्वाचारची गेलेली असते आणि शेवटच्या गाडीवर सगळी भिस्त राहते. अशा वेळी वाट बदला किंवा आदल्या संध्याकाळी पायथ्याशी मुक्कामाला जा. चालण्याचा वेग वाढवून हे गणित सोडवायचा मोह टाळा.

परतीला दिवसातून एकच गाडी असेल तर? मग निदान दीड-दोन तास हाताशी ठेवून थांब्यावर यायचं आणि वाट आटोपशीर निवडायची. एकाच गाडीवर लांबची, अनोळखी वाट करू नये, असं माझं ठाम मत आहे.

याच कागदावर सूर्यास्ताची वेळही लिहा. युरोप-अमेरिकेत चालणार असाल तर शरद ऋतूत घड्याळं एक तास मागे जातात, हे ध्यानात ठेवा. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बस त्याच वेळेला येते, पण अंधार घड्याळाच्या हिशेबाने एक तास आधी पडतो. आदल्या आठवड्यात उजेडात केलेली उतराई पुढच्या आठवड्यात टॉर्चच्या उजेडात करावी लागते.

## ३. वेळापत्रक तळटिपांसकट वाचा

डोंगराळ भागातलं वेळापत्रक शहरातल्यासारखं रोज तेच नसतं. रकान्यातल्या वेळेच्या शेजारी एखादं अक्षर, तारा किंवा छोटं चिन्ह असतं आणि खरी माहिती त्यातच दडलेली असते. फक्त शाळेच्या दिवशी धावणारी बस ही सगळ्यांत मोठी फसगत. गावातली मुलं शाळेत नेण्यासाठी ती सकाळी सुटते, वेळ आपल्याला अगदी सोयीची असते आणि सुट्टीत ती नसतेच. नेमके आपण सुट्टीच्या दिवशी जाणार असतो.

तपासायच्या गोष्टी:

- वेळापत्रक कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे. हंगाम बदलला की पूर्ण मार्ग बंद होतात. कामिकोचीचा रस्ता साधारण एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो.
- तुम्ही जाणार तो वार आणि ती तारीख. सार्वजनिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी आली तरी त्या दिवशी रविवारचं वेळापत्रक लागू होऊ शकतं.
- दिलेली वेळ कुठली आहे. पुष्कळ ठिकाणी फक्त मुख्य स्थानकावरून सुटण्याची वेळ छापलेली असते. मधल्या थांब्यावर गाडी केव्हा येईल, ते अंदाजावर असतं.
- विनंती थांबा आहे का. तसा असेल तर उतरायचं आधी सांगावं लागतं आणि चढताना हात दाखवावा लागतो. झाडाखाली बसून राहिलात तर चालक थांबणार नाही.

फोनमधल्या प्रवासाच्या ॲपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळे त्यावरच विसंबतात. ॲपला दिसतं ते परिवहन संस्थेने ठराविक साच्यात भरून दिलेलं वेळापत्रक. जीटीएफएस हा त्यातला सर्वाधिक वापरातला साचा. संस्थेने माहिती दिलीच नसेल तर ॲपच्या लेखी ती बस अस्तित्वात नसते. जुनी माहिती दिली असेल तर बंद झालेली बसही ॲप आनंदाने दाखवतं. शिवाय तारीख बदलायची राहून जाते. मंगळवारी बसून शोधता आणि ॲप मंगळवारच्या गाड्या दाखवतं, तुम्ही जाणार रविवारी. म्हणून शोधताना जाण्याचीच तारीख आणि वेळ घाला. परतीचा प्रवासही वेगळा शोधून पाहा. आणि ॲपने सांगितलेलं संस्थेच्या स्वतःच्या वेळापत्रकाशी ताडून घ्या, जमल्यास आगाराला किंवा स्थानकाच्या चौकशी खिडकीला फोन करा. ‘रविवारी संध्याकाळी अमुक गावाहून शेवटची गाडी किती वाजता?’ एवढा एकच प्रश्न नीट विचारला तरी काम होतं. ‘गाड्या असतात ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘असतात’ असंच येतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हे सगळं पुन्हा एकदा पाहा. दरड, रस्त्याचं काम, जत्रा, मॅरेथॉन, संप यांमुळे बदललेला मार्ग तेव्हाच कळतो.

## ४. थांब्यापासून वाटेच्या तोंडापर्यंत

बस थांबली म्हणजे डोंगर सुरू झाला असं नाही. पोलंडमधल्या मोर्स्किए ओको तलावाला जाणारी बस पालेनित्सा इथे सोडते आणि तलाव तिथून ८-९ किलोमीटर पुढे असतो, तेही डांबरी रस्त्याने. असं अंतर चालण्याच्या वेळेत धरायलाच हवं, जाताना आणि येताना दोन्हीकडे.

हा तुकडा पार करायचे मार्ग म्हणजे पायी, शेअर जीप किंवा टॅक्सी आणि काही ठिकाणी उद्यानाची स्वतःची बस. पायी जाणार असाल तर रस्त्याला कडेने चालायला जागा आहे का, ते रस्त्याच्या छायाचित्रांत पाहून घ्या. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, म्हणजे वाहनं डावीकडून चालतात तिथे उजव्या कडेने. टॅक्सीने जाणार असाल तर परतीची वेळ आणि जागा उतरतानाच पक्की करा, कारण वर नेटवर्क मिळेलच असं नाही. शेअर जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तिची वाट पाहण्यातला वेळही धरा. कुणीतरी आपल्या मोटारीत घेईल, ही आशा आखणीत धरू नका. मिळालं तर चांगलंच.

## ५. एकीकडून चढा, दुसरीकडे उतरा

बसने जाण्यातला खरा आनंद इथे आहे. मोटारीने आलेल्याला काहीही झालं तरी आपल्या मोटारीपाशी परत यावं लागतं. त्याची वाट एकतर गोल असते किंवा आल्या पावली परतायची. तुम्ही मात्र एका खोऱ्यातून चढून, खिंड ओलांडून, दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकता आणि तिथून गाडी पकडू शकता. डोंगर आरपार पाहता येतो. वेल्समध्ये स्नोडनच्या भोवती फिरणारी बससेवा आहे. पेन-ई-पासला उतरून एका वाटेने शिखर गाठायचं आणि पलीकडे लानबेरिस गावात उतरून पुन्हा बस धरायची, हा तिथला रूढ क्रम आहे. सह्याद्रीत खांडसहून चढून भीमाशंकरला माथ्यावर पोहोचलं की पलीकडच्या बाजूची एसटी मिळते, तो याच जातीचा ट्रेक.

अशी वाट आखताना दिशा कुठली घ्यायची? माझा नियम असा: जिथे गाड्या तुरळक, तिथून सुरुवात करा. जिथे गाड्या सतत, तिथे शेवट करा. सकाळी वेळ आपल्या ताब्यात असते, दिवसातली एकुलती एक बसही तेव्हा गाठता येते. संध्याकाळी किती वाजता उतरू ते नक्की सांगता येत नाही, म्हणून उतरल्यावर दर अर्ध्या तासाने गाडी असलेलं गाव किंवा रेल्वे स्थानक समोर असावं. चढ-उताराची सोय, उन्हाची दिशा यांचा विचार या नियमानंतर करा. अपवाद एकच: एखादा टप्पा उतरायला धोकादायक असेल, तर तो चढताना येईल अशीच दिशा घ्यायची. मग गाड्यांची गैरसोय सोसावी.

आरपार वाट घेताना दोन्ही टोकांची वेळापत्रकं सोबत ठेवा. मध्येच मागे फिरावं लागलं तर सुरुवातीच्या गावातून परतायचं असतं आणि तिथली शेवटची गाडी पुष्कळदा दुपारीच निघून गेलेली असते. नकाशावर मधूनच खाली उतरणाऱ्या वाटाही खुणा करून ठेवा, प्रत्येक वाट कुठल्या थांब्याला जाते ते शेजारी लिहून.

रज्जुमार्गाने उतरायचं ठरवलं असेल तर त्याची शेवटची फेरी बसच्या वेळेइतकीच महत्त्वाची. जोराचा वारा किंवा विजा असल्या की तो बंद ठेवतात, म्हणून पायी उतरायला पुरेल एवढा वेळ आणि गुडघ्यांत जोर शिल्लक असावा.

## ६. सोबत काय हवं

मोटार जवळ नसल्यामुळे ‘डिकीत ठेवू’ हा पर्याय नसतो. जे आणाल ते दिवसभर पाठीवर राहणार. तरीही काही वस्तू अशा आहेत ज्या बसने जाणाऱ्याला जास्तच लागतात.

कागद आणि पैसे:

- ओळखपत्र, सवलतीचं कार्ड किंवा पास
- आरक्षणाची आणि प्रवेश परवान्याची छापील प्रत. काही उद्यानांमध्ये बसची जागा आणि प्रवेश, दोन्ही वेगवेगळं आरक्षित करावं लागतं
- सुटे पैसे. कार्ड किंवा फोनने पैसे घेणारं यंत्र नेटवर्कशिवाय चालत नाही
- दोन्ही टोकांच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा, कागदावर लिहिलेल्या
- स्थानिक टॅक्सीचे आणि पायथ्याच्या एखाद्या मुक्कामाच्या जागेचे फोन नंबर, तेही कागदावर

साधनं:

- वाटेचा जीपीएक्स ट्रॅक (फोनमधल्या नकाशावर वाट दाखवणारी फाइल) आणि ऑफलाइन नकाशा, विमान मोडवर उघडून पाहिलेला
- पॉवर बँक आणि केबल
- हेडटॉर्च. दुपारीच परतायचं असलं तरीही
- शिट्टी, प्रथमोपचाराचं छोटं पाकीट
- पावसाचं जाकीट आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा सदरा व मोजे
- पाणी, आणि गाडी चुकली तर पुरेल एवढं जास्तीचं खाणं
- काठीच्या टोकांना रबरी टोपणं

कोरड्या कपड्यांवर मी इतका भर देते त्याला कारण आहे. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरतं. चालताना ते जाणवत नाही, कारण अंग तापलेलं असतं. पण घामाने भिजलेल्या कपड्यांत उंचावरच्या उघड्या थांब्यावर पाऊण तास गाडीची वाट पाहायची वेळ आली की थंडी हाडांपर्यंत जाते. मोटारवाला दार लावून आत बसतो. आपल्याला तो आडोसा नसतो.

## ७. गाडीत आणि उतरताना

सुट्टीच्या सकाळी डोंगराकडे जाणाऱ्या बस भरलेल्या असतात. शक्य असेल तर मार्गाच्या पहिल्या थांब्यावरून बसा, दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यावर गाडी न थांबता निघून जाऊ शकते. सॅक पाठीवरून काढून पायाशी किंवा मांडीवर घ्या. चिखलाचे बूट आसनाला लागू देऊ नका. ही बस आधी गावकऱ्यांची आहे, आपण सुट्टीपुरते प्रवासी आहोत. पायथ्याची वस्ती आणि बाजार तिच्यावर चालतो.

चढतानाच चालकाला किंवा वाहकाला सांगा की कुठे उतरायचं आहे आणि का. ‘अमुक डोंगरावर जायचंय’ म्हटलं की पुष्कळदा ते स्वतःहून योग्य जागी उतरवतात. फोनवर आपलं ठिकाण नकाशात पाहत राहा, थांब्याची पाटी दिसेलच असं नाही.

उतरल्यावर लगेच चालायला लागू नका. पाच मिनिटं द्या आणि एवढं करा:

- वाहकाला विचारा: परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि ती कुठे थांबते.
- परतीचा थांबा डोळ्यांनी पाहून घ्या. तो रस्त्याच्या पलीकडे असेलच असं नाही. एकेरी वाहतूक असेल तर शंभर-दोनशे मीटर लांब, दुसऱ्याच गल्लीत असतो.
- थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. तुमच्या कागदावरच्या वेळेशी जुळत नसेल तर जी वेळ लवकरची, तीच खरी धरून चाला.
- घरी कुणाला तरी वाट, उतरण्याचं गाव आणि ठरवलेली गाडी कळवा. पुढे नेटवर्क जातं.

## ८. चालताना परत फिरण्याची वेळ पाळा

आल्या वाटेने परतणार असाल तर घरूनच एक वेळ ठरवून निघा. ती झाली की शिखर कितीही जवळ दिसलं तरी मागे फिरायचं. वरच्याच उदाहरणात थांब्यावर पावणेचारला पोहोचायचं आहे आणि उतरायला अडीच तास लागतात असं धरलं, तर सव्वाला परत फिरायलाच हवं. ही वेळ गटातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. नाहीतर एकच माणूस घड्याळ पाहतो आणि बाकीच्यांना तो घाईखोर वाटतो.

आरपार वाटेवर हीच गोष्ट खिंडीला लागू होते. अमुक वाजेपर्यंत खिंडीत नसलो तर पलीकडे जायचं नाही, असा नियम करा. पाट्यांवर चालण्याचे वेळ लिहिलेले असतील तर त्यांचा आधार घ्या. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी तास-मिनिटंच असतात, पण त्यांत विश्रांती धरलेली नसते. पहिल्या तासात आपला वेळ पाटीशी ताडून पाहा. पाटीपेक्षा सव्वापट लागत असेल तर पुढेही तेवढाच लागणार. दुपारनंतर वेग वाढत नाही, कमीच होतो.

थांब्यावर वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी उभे राहा. मधल्या थांब्यावर गाडी लवकरही येऊ शकते. अंधार पडला असेल तर टॉर्च खाली जमिनीकडे धरून हलवा, चालकाच्या डोळ्यांत मारू नका.

## ९. गाडी चुकलीच तर

पहिली गोष्ट, डोंगरावर असतानाच लक्षात आलं की गाडी मिळणार नाही, तर घाई तिथेच सोडून द्या. आता वेळेला किंमत राहिलेली नाही. ओढ्यातून, घळीतून सरळ खाली जाणारी जवळची वाट शोधू नका. अंधारात अशा घळी कड्याशी येऊन संपतात. आखलेल्या वाटेनेच सावकाश उतरा.

गावात पोहोचलात की एकेक पर्याय पाहा. टॅक्सीचा नंबर लावा. मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेल्यास तिथून दुसऱ्या मार्गाची गाडी मिळते का, ते विचारा. दुकान, शाळा, देऊळ किंवा चर्च, जिथे माणसं दिसतील तिथे जाऊन अडचण सांगा. मुक्कामाची सोय होत असेल तर राहा आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघा. घरी ज्यांना वेळ कळवली होती त्यांना उशीर झाल्याचं लगेच सांगा, नाहीतर तिकडे शोधाशोध सुरू होईल.

गाडी चुकणं ही गैरसोय आहे, संकट नाही. बचाव पथकाला त्यासाठी बोलावू नये. कुणी जखमी असेल, वाट पूर्ण हरवली असेल, थंडीने कुणी बधिर होत असेल, तरच बोलवा. भारतात आणि युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत त्यासाठी ११२ हा क्रमांक चालतो. दुसरीकडे जात असाल तर तिथला क्रमांक निघण्याआधी कागदावर लिहा. फोन लागत नसेल तर शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटाला ६ वेळा इशारा द्या, मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा द्या. डोंगरातली ही रूढ आंतरराष्ट्रीय खूण आहे. उत्तर मिनिटाला ३ इशाऱ्यांनी येतं.

## १०. पहिल्या वेळी कुठली वाट घ्यावी

रेल्वे स्थानकावरून सुरू होऊन रेल्वे स्थानकावरच संपणारी घ्या. रेल्वेचं वेळापत्रक बसपेक्षा स्थिर असतं, स्थानक शोधावं लागत नाही आणि वाट पाहायला बहुधा छप्पर असतं. नेस्मिथच्या हिशेबाने अडीच-तीन तासांची, ४०० मीटरच्या आसपास चढाईची वाट पुरे. परतीला संध्याकाळी निदान तीन गाड्या असाव्यात. दिवस मोठा असताना जा. घरी आल्यावर प्रत्येक टप्प्याला खरोखर किती वेळ लागला ते त्याच कागदावर आधीच्या अंदाजाशेजारी लिहा. दुसऱ्या वाटेची आखणी करताना दीडपटीऐवजी तुमचा स्वतःचा आकडा वापरता येईल.